शेपटाकडची चावी

पाणी वापर संस्थेवर मला घेतलं ते माझ्या सहीसाठी. संस्था सहकारी होती, तिच्या कागदावर दोन बाया लागत होत्या, आणि चौथी शिकलेली पण तोंड बंद ठेवील अशी बाई त्यांना हवी होती. चौथी त्यांनी बरोबर हेरली, तोंडाचं चुकलं. दुसरी बाई म्हणून माझी धाकटी जाऊ. तिला अक्षरओळख नाही, ती अंगठा उठवते. आम्ही दोघी एकाच वस्तीवर राहतो, त्यामुळं एका हेलपाट्यात दोन्ही कामं उरकायची.

महिन्या-दोन महिन्यांनी संस्थेचा सचिव मोटारसायकलवर यायचा. गाडी बंद न करता रजिस्टर टाकीवर उघडायचा आणि बोट ठेवायचा.

"काकू, हितं."

"काय लिवलंय?"

"काय न्हाई, नेहमीचंच."

मी शेणाचा हात पदराला पुसायची आणि त्या नेहमीच्या मजकुराखाली सही करायची. मग जाऊ अंगठा उठवायची. त्या रजिस्टरात मी सूचक असायचे आणि ती अनुमोदक. पाच वर्षांत आम्ही दोघींनी काय काय सुचवलं आणि कशाकशाला दुजोरा दिला ते देवाला ठाऊक. एकदा आम्ही चेअरमनचा सत्कार सुचवला होता. तो तेवढा कळला, कारण सत्काराला जेवण होतं.

आमचं गाव चौसाळ्याच्या बाजाराला जवळ, पण डोंगरात. बालाघाटाचा माथा आमच्या शिवारातून जातो. माथ्याच्या एका अंगाला पडलेलं पाणी सिंदफणेकडं जातं, दुसऱ्या अंगाचं मांजरेकडं, आणि दोन्ही शेवटी गोदावरीलाच मिळतात, एक सरळ जाऊन आणि एक पार दुसऱ्या मुलखात हिंडून. हे आम्हाला पाटबंधारे खात्याच्या साहेबानं नकाशा भिंतीवर लावून सांगितलं. म्हणजे थेंब कुठंही पडला तरी तो आपला राहत नाही. एवढं कळायला मला नकाशा लागला नव्हता. आमच्याकडं जिला नदी म्हणतात तिच्यातून आठ महिने शेळ्या जातात. पावसाळ्यात दोन दिवस पूर येतो, एखादं वासरू घेऊन जातो, की पुन्हा बैलगाडीची वाट मोकळी. गेवराईकडं गोदावरी आहे, ती मोठी नदी. पण तिथल्या वाळूच्या भांडणांच्या गोष्टी ऐकल्या की वाटतं, नदीला पाणी आलं तर तिथं काहीजणांचा खोळंबाच होत असेल.

गावाच्या वर एक तलाव आहे. बहात्तरच्या दुष्काळात तो बांधला. मी तेव्हा नवी नवरी होते, त्या भरावात माझ्या डोक्यावरच्या पाट्या आहेत. तलावाला गेट आहे आणि गेटातून एक चारी निघते, म्हणजे शेताला पाणी नेणारा लहान पाट. चारी चेअरमनच्या मोसंबीपासून सुरू होते आणि आमच्या वस्तीवर संपते. वस्तीवर सहा घरं, सगळी भावकी. चारीच्या सगळ्यात शेवटी म्हणून गावात आमचं नाव शेपटावाले. गेटच्या चाकाला साखळी, साखळीला कुलूप आणि कुलपाची चावी चेअरमनच्या कडदोऱ्याला. पाणी सुटलं की आधी मोसंबी भिजायची, मग त्याच्या मेहुण्याचा कांदा, मग पुन्हा मोसंबी. शेपटाला पोचायची ती फक्त बातमी, की पाणी सुटलंय.

यात माझं काय अडलं होतं ते सांगते. तलावाची दोन पाणी शाळूला मिळाली तर वस्तीवरची माणसं दिवाळीनंतर घरी राहतात. नाही मिळाली तर ज्वारी करपते, आणि दाराला कुलूप लावून सगळे ऊसतोडीला. मी स्वतः सोळा हंगाम ऊस तोडला आहे. गुडघे तिकडंच ठेवून आले. माझ्या सुनेचं पहिलं बाळंतपण उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत झालं, आणि ते मी केलं, ऊस तोडायच्या कोयत्यानं नाळ कापून. तिचं दुसरं बाळंतपण घरात, जमिनीवर गोधडी टाकून, दार लावून व्हावं, एवढंच मला पाहिजे होतं. फार मोठी गोष्ट नव्हती. दोन पाळ्या पाणी.

तर मार्च महिना आला आणि खात्याला आठवण झाली की आमच्या संस्थेचा अभ्यास दौरा राहिला आहे. मार्च संपायच्या आत अभ्यास झाला पाहिजे होता. कुठं जायचं यावर बैठक झाली. एकजण म्हणाला, दुष्काळात पाणी अडवलेलं गाव बघू. चेअरमन म्हणाला, "दुष्काळ घरी बघतावच की. पाणी बघायला चला." आणि गोवा ठरला. ठरावाची सूचक मी होते.

यादीत दोन बाया लागत होत्या, म्हणून आम्हाला न्यावं लागलं. दोन जीपगाड्या. पुढच्या जीपमध्ये चेअरमन, सचिव आणि त्यांच्या जवळची माणसं. मागच्या जीपमध्ये खात्याचा साहेब, आम्ही दोघी आणि सगळ्यांच्या पिशव्या. घाट उतरायला लागलो तसं जावेला ओकारी सुरू झाली. ती मधेच डोकं वर काढून बाहेर बघायची आणि म्हणायची, "बाई, किती हिरवं हाय गं," आणि पुन्हा डोकं खिडकीबाहेर.

साहेब बरा माणूस होता, पण वाचून बोलायचा. चहाला दोन्ही गाड्या थांबल्या तेव्हा त्यानं सगळ्यांना कागदावरून सांगितलं की हे राज्य आमच्या जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं आहे. नद्या लांबीनं लहान, डोंगरात निघतात आणि लगेच समुद्राला मिळतात. त्यातल्या मांडवी आणि जुवारी या मोठ्या, राज्याचं बहुतेक पाणी त्या दोघींच्या पाणलोटातलं. चेअरमननं 'पाणलोट' हा शब्द आला की मान हलवायची असं ठरवलं होतं. तो शब्द न येताही तो दोनदा हलवून गेला.

पहिली नदी बघितली ती फेरीबोटीच्या धक्क्यावर. मार्चाचं ऊन, आमच्याकडं टँकर चालू, आणि इथं नदी काठोकाठ भरलेली. इतकी रुंद की पलीकडची माणसं मुंग्यांएवढी. मग चेअरमननं घसा खाकरला.

"बघा. ऐन उन्हाळ्यात नदी तुडुंब. ह्याला म्हणतेत नियोजन. हे लोक पाणी राखतेत. आपल्याकडं कुणाला अक्कल न्हाई."

सचिवानं हे वहीत उतरवून घेतलं.

मी काठावर जाऊन तोंड धुतलं. ओठाला खारट लागलं. पुन्हा ओंजळ भरून जिभेला लावलं. जावेनंही लावलं आणि माझ्याकडं बघितलं.

"बाई, ही नदी अळणी न्हाई."

"गप."

"अगं पण मीठ हाय की हिच्यात."

"गप बस म्हणलं ना."

धक्क्यावर एक मासे विकणारी बाई बसली होती. ती हसली आणि हातानं दाखवलं, समुद्र तिकडून येतो आणि आत चढतो. भरती आली की नदी फुगते आणि उलटी वाहते. सहा तासांनी बघाल तर काठाला चिखल असतो. म्हणजे जे नियोजन आमच्या चेअरमननं बघितलं ते चंद्राचं होतं. मागं वळून बघते तर तो जीपमधला पाच लिटरचा कॅन काढून भरत होता. गावच्या तलावात ओतायचं आणि देवळात तीर्थ वाटायचं, असं त्याच्या मनात आलं होतं. चूळ भरून बघायला काय झालं होतं? पण भरलेली नदी गोडच असते हे त्याला आईच्या पोटापासून माहीत होतं. आमच्याकडं पाणी असतं किंवा नसतं. असून उपयोगाचं नसतं, ही तिसरी तऱ्हा आमच्या मुलखानं बघितलेली नाही.

मी सांगू शकले असते. सांगितलं नाही.

दुपारी एक जुनं तळं दाखवलं. पावसाळा सरला की ते लोक तळ्याचं पाणी सोडून देतात आणि तळाच्या गाळात भात लावतात. पाऊस आला की तळं पुन्हा भरतं. कमरेएवढ्या पाण्याच्या जागी हिरवागार भात उभा होता. आमच्यातला एक मेंबर म्हणाला, "येडे हायत का बे हे? आपण तळं भरायला मरायलाव, आन् हे सोडून देतेत." चेअरमन म्हणाला, "जास्त झालं की असंच सुचतं." सगळे हसले. कधी सोडायचं, कुठून सोडायचं, आधी कुणाचं भिजायचं हे कोण ठरवतं, असं एकानंही विचारलं नाही. मी विचारायला तोंड उघडलं तर सचिव म्हणाला, "काकू, उशीर व्हायलाय." उशीर व्हायला लागला होता तो समुद्रावर जायला. संध्याकाळी सगळे पुरुष पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून समुद्राकडं गेले आणि तिथून आणखी कुठं गेले, ते दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या तोंडाच्या वासावरून कळलं.

त्या सकाळी एकही उठला नाही. साहेबानं दारं वाजवली. आतून आवाज आला, "तुमी हो पुढं, आमी आलावच." यादीत एक जागा बघायची राहिली होती आणि फोटोत माणसं लागत होती. साहेब आम्हा दोघींनाच घेऊन निघाला.

ती जागा म्हणजे नदीच्या काठची सखल शेतं. नदीच्या पातळीपेक्षा खाली. नदी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा लांब बांध, आणि बांधाला एका ठिकाणी दगडी चौकट, तिच्यात लाकडी दारं. त्याला ते लोक मानस म्हणतात. भरतीचं खारं पाणी रेटायला लागलं की दारं आपोआप मिटतात, ओहोटीला शेतातलं पाणी त्यांना आतून ढकलून बाहेर पडतं. तिथं एक म्हातारा जाळं सोडवत बसला होता. लंगोटी, डोक्याला फडकं, दात दोन. साहेबानं त्याला फोटोत घेतलं. मग साहेबाला फोन आला आणि तो बांधावर लांब गेला.

मी म्हाताऱ्याजवळ बसले. तो कोकणी बोलायचा, मधे मधे मराठी. निम्मं कळायचं, निम्मं हातावरून.

"बाबा, हे दार सगळ्या शेतांचं एकच?"

"एकच."

"मग कधी उघडायचं, कधी बांधून ठेवायचं, कोण ठरवतं?"

"भरती-ओहोटीला आपोआप. पावसात माणूस लागतो, बाये."

"कोणता माणूस? तुमचा चेअरमन?"

त्याला चेअरमन कळला नाही. मी सांगितलं, मोठा माणूस, ज्याची जमीन जास्त. म्हाताऱ्यानं जाळं खाली ठेवलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कधी शेतीच केलेली नाही.

"त्याचं शेत वर. त्याला काय? आमच्या गावात ज्याचं शेत सगळ्यात सखल, दार त्याच्या हातात. माझं सगळ्यात सखल. माझ्या बापाचंही तेच होतं."

"कावून असं?"

"चुकलं तर पहिलं माझं बुडतं. ज्याचं बुडतं त्याला झोप येत नाही."

जाऊ पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आमच्याकडं ज्याला झोप लागती त्याच्याकडं चावी हाय, बाबा."

म्हातारा हसला, दोन्ही दात दिसले. मी विचारलं, "आन् सखलवाला अंगचोर निघाला तर?"

"मग त्याचंच शेत जातं. दुसऱ्यांना फक्त शिव्या द्यायचं काम."

एवढाच आमचा अभ्यास. दोन दिवसांच्या दौऱ्यात सगळा मिळून बिडी विझायला लागतो तेवढा वेळ. पण मी वाटेत सगळी ओकारी-खोकला ऐकत तेच डोक्यात घोळवत आले. आमच्याकडं बुडायची भीती नाही, वाळायची आहे. पण गणित एकच. शेवटच्याला पाणी पोचलं तर वाटेतल्या सगळ्यांना पोचलेलंच असतं. पहिल्याला पोचलं तर कुणालाच काही सांगता येत नाही.

गावात आलो ते पाडव्याच्या तोंडावर. चेअरमननं पाडव्याला देवळापुढं कॅन ठेवला, त्याला हार घातला. तलावात ओतायला तलावात पाणी तर पाहिजे, तिथं नुसत्या भेगा होत्या. म्हणून सगळ्याचं तीर्थच वाटायचं ठरलं. पुजाऱ्यानं पहिली पळी घेतली. त्याचं तोंड वाकडं झालं, पण पुजारी असल्यानं गिळावं लागलं. मग चेअरमन स्वतः. त्याचे डोळे मोठे झाले आणि तोही गिळून बसला. पुढं दहा-बारा जणांनी मुकाट घेतलं, तीर्थ थुंकायचं कसं? तेराव्या नंबरला एक म्हातारा मेंढरंवाला होता, त्याला कुणाची भीड नव्हती. त्यानं बाजूला पचकन थुंकलं.

"बे, हे तर मिठवणी हाय! मेंढरं बी तोंड लावायची न्हाईत. चेअरमन, नदी म्हणून समुद्र आणला व्हय?"

पुढं वर्षभर गावात कुणाच्या आमटीत मीठ जास्त पडलं की म्हणायचे, गोव्याची आहे.

त्यामुळं झालं काय, की दौऱ्याचं नाव काढलं तरी चेअरमन उठून जायचा. आणि इकडं साहेबाचा निरोपावर निरोप, की अहवाल पाठवा, दौऱ्यात काय शिकलात आणि गावात काय लागू करणार याचा ठराव जोडा. सचिवाच्या वहीत 'नियोजन' एवढा एकच शब्द होता. शेवटी तो वस्तीवर आला. या वेळी त्यानं गाडी बंद केली.

"काकू, तुमीच लिवा ना. तुमी तिथं हिंडलाव बी."

"मी चौथी शिकल्याली बाई. मला ठराव लिवता येतो व्हय?"

"काय बी लिवा. पानभर झालं पायजे."

मी पानभर लिहिलं. आधी नद्यांचं लिहिलं, तळ्याचं लिहिलं, मग दगडी चौकटीचं. आणि खाली ठराव, त्या रजिस्टरात असतो तसाच, कारण इतकी वर्षं वाचून दाखवला नाही तरी कसा दिसतो ते मी बघितलं होतं. 'असे ठरले की तलावाच्या गेटची चावी ज्याचे शेत चारीच्या सगळ्यात शेवटी आहे त्याच्याकडे राहील. पाण्याची पाळी शेवटून सुरू होईल व वर येत जाईल.' सूचक मी. अनुमोदकाच्या जागी जावेला अंगठा उठवायला सांगितला आणि तिला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पयल्यांदाच कळलं बाई, मी कशाला अंगठा द्यायले ते."

सही चेअरमनची लागत होती. तो चौसाळ्याच्या बाजारात चहाच्या गाड्यावर बसला होता, चार माणसांत. मी पान पुढं केलं. त्यानं पेन काढलं.

"काय लिवलंय, काकू?"

"काय न्हाई. नेहमीचंच."

त्यानं सही केली. चार माणसांत बसून चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर लावत बसणं त्याला शोभलं नसतं. वरून म्हणाला, "पाठवून द्या. एकदाची पीडा जाऊ द्या."

त्या वर्षी श्रावण कोरडा गेला. परतीचा पाऊस मात्र आला आणि तीन दिवसांत तलाव अर्ध्याच्या वर भरला. आम्ही शाळू पेरला. सुनेला पाचवा महिना लागला होता. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम वस्तीवर चकरा मारायला लागला. मी मुलाला त्याची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊ दिली नाही. मुलगा म्हणाला, "आई, पाणी आलं तर ऱ्हातो. न्हाई आलं तर मला हितं बसवून खायला काय घालशील, चारी?" त्याचं खोटं नव्हतं.

दिवाळीच्या आधी पाणी सोडायची बैठक झाली. साहेब आला. चेअरमननं पाळीपत्रक काढलं, पहिल्या नंबरला मोसंबी. साहेब म्हणाला, "असं कसं? तुमचा ठराव वेगळा आहे." आणि त्यानं पिशवीतून माझं पान काढलं, टाइप केलेलं, शिक्का मारलेलं, आणि वाचलं.

चेअरमनचे डोळे देवळात तीर्थ गिळताना झाले होते तसे मोठे झाले. मग चेअरमन उठला.

"हे कुणी लिवलं?"

सचिवानं माझ्याकडं बोट केलं.

"असला ठराव आमी केल्याला न्हाई! बायामाणसाला काय कळतंय? म्हणे शेपटाकडं चावी! शेपटानं ढोर चालतं व्हय?"

मी म्हणाले, "माशी शेपटानंच वारती की ढोर."

लोक हसले. साहेब म्हणाला, "अध्यक्षसाहेब, सही तुमचीच आहे."

"मी वाचलं न्हाई."

"तसं लिहून देता का? की मी न वाचता सह्या करतो?"

साहेबाला आमच्या शेपटाचा कळवळा होता असं मी म्हणणार नाही. त्यानं तो ठराव दौऱ्याचं फळ म्हणून वर पाठवला होता, वरून शाबासकी आली होती, आणि आता ते फळ माघारी घेणं त्याला अडचणीचं होतं. आमच्याकडं न्याय असाच मिळतो, दुसऱ्याच्या अडचणीतून. मिळाला तो घ्यावा.

चेअरमननं कडदोऱ्याची चावी काढली आणि माझ्यापुढं टाकली. मी घेऊन तलावावर गेले. कुलपात गेलीच नाही. त्यानं आपल्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची चावी दिली होती. सहकारी संस्थेचा चेअरमन, घरात फ्रीज, आणि डोकं हे असं. मी परत मागायला गेले नाही. दगड घेतला आणि कुलूप ठेचलं. पाचव्या घावात तुटलं. माझ्या घराच्या दाराचं कुलूप काढून चाकाला लावलं. त्या वर्षी त्या दाराला कुलूप लागायचं नाही, हे मी तेव्हाच धरून चालले.

पण पाणी नुसतं चाक फिरवून येत नाही. चारीत वेड्या बाभळी उगवल्या होत्या, ठिकठिकाणी ती फोडलेली होती. वस्तीवरच्या बायकांनी आणि गड्यांनी चार दिवस ती साफ केली, फोडलेल्या जागी मातीची पोती टाकली. दोन घरांना तेवढा धीर निघाला नाही, ती पाणी सुटायच्या आदल्या आठवड्यातच टोळीबरोबर गेली. पाणी सोडलं तेव्हा जाऊ विळा घेऊन मोसंबीच्या कडेला चारीवर जाऊन बसली. चेअरमनचा गडी फावडं घेऊन आला तर ती म्हणाली, "ये. तुजीच वाट बघायलेय. आधी फावडं टाकतो का आधी हात?" तो माघारी गेला. दोन दिवस ती तिथून उठली नाही, भाकरी तिथंच पोचवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी वस्तीवर आलं. गढूळ, पुढं पाचोळा, त्यात एक प्लास्टिकची चप्पल. देखणं काही नव्हतं. मुलानं दारं धरलं, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला लागला, सून सातव्या महिन्याचं पोट घेऊन वाफ्याच्या तोंडाला माती ओढत होती, मी रागावले तरी ऐकेना. आणि त्याच वेळी मुकादमाचा ट्रक आला. राहिलेल्या चार घरांसाठी आला होता. चारी ओलांडून थेट पडीक रानात घातला आणि हॉर्न वाजवत बसला.

"चला, बोचकी टाका! कारखाना सुरू झालाय!"

मुलानं मान वर केली नाही. "पाणी चालू हाय, मुकादम."

"मग बंद कर!"

"आपली पाळी हाय. कावून बंद करू?"

मुकादम खाली उतरला, माझ्याकडं आला. "म्हातारे, हे पाणी कितीदा येणार हाय?"

"दोनदा."

"मग माघात काय खाशील?"

"ज्वारी."

"आन् न्हाई पिकली तर?"

"तर तू हायसच की हॉर्न वाजवायला."

तो शिव्या देत ट्रकमध्ये चढला. ट्रक वळवायला गेला आणि मागचं चाक चारीतून पाझरलेल्या पाण्याच्या चिखलात रुतलं. आमच्या माळावर ट्रक चिखलात रुतलेला मी जन्मात बघितला नव्हता. ड्रायव्हरनं रेस दिली तसं ते आणखी खाली गेलं. मुकादम ओरडला, "अरे बघता काय, ढकला की!"

मुलगा म्हणाला, "दारं मोडून येता येत न्हाई. ह्या वाफ्यापुढं अजून तीन ऱ्हायलेत."

मी मुकादमाला बांधावरची हिवराची झाडं दाखवली. म्हटलं, फांद्या तोड आणि चाकाखाली घाल, कोयते तुझ्याकडं आहेतच.